मानधनातली मान

माझी मावसबहीण बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आम्ही घरातले तिला अक्का म्हणतो, गाव तिला 'बाई' म्हणतं. पाथर्डीच्या पुढे, बीड जिल्ह्याच्या हद्दीजवळ तिचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. गेल्या वर्षी नेमकी त्याच दिवसांत मी तिच्याकडे दोन दिवस राहिले आणि एक सकाळ तिच्याबरोबर अंगणवाडीत काढली.

दहाच्या सुमाराला एक गरोदर बाई टीएचआरसाठी, म्हणजे घरी न्यायच्या आहारासाठी, आली. तिची नोंद नवीन. ॲपमध्ये आधी आधारवरून ओळख पटवायची, मग चेहरा दाखवायचा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कोल्हापूरकडे कुठल्याशा फडात. ओटीपी तिकडे गेला. अक्काने चार वेळा फोन लावला. पाचव्यांदा कुणीतरी उचलला, 'तो मोळ्या भरतोय' म्हणाला आणि ठेवून दिला. तोवर ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पहिल्यापासून. अखेर अंक मिळाले तर रेंज गेली. मग अक्का फोन घेऊन मागच्या टाकीच्या कट्ट्यावर चढली आणि ती बाई सातव्या महिन्याचं पोट सावरत खाली उभी राहिली. "इकडं बघ गं. आता डोळे मिट, उघड. अगं हळू, परत एकदा." आत वीसेक पोरं. मदतनीस मावशी खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. एकाने चड्डीतच केली होती. दुसरा 'बाई, बाई' करत कट्ट्याखाली येऊन उभा होता. त्याच्या हातात काडेपेटी, काडेपेटीत किडा, आणि तो त्याला बाईंना दाखवायचा होता. अक्काचं तिकडे लक्षच गेलं नाही.

दुपारी घरी आल्यावर ती ओटीपीबद्दल अवाक्षर बोलली नाही. "त्या पोराचा किडा बघायचा राहिला," एवढंच म्हणाली आणि मान चोळत बसली.

ही मान गेली चार वर्षं दुखते. जोडीला पित्त आहे, रक्तदाबाची गोळी आहे आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ताई, मान खाली घालून काम करू नका. आणि टेन्शन घेऊ नका." अक्काचं म्हणणं असं, की टेन्शन ती घेत नाही, ते वरून येतं, आहाराची खोकी येतात तसं. आणि मानधनातलं धन कधी नीट दिसलं नाही, मान तेवढी वाट्याला आली.

लहान मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या ताणाबद्दल बोलणं निघालं की बहुतेकांचा पहिला समज असा असतो, की पोरंच डोकं उठवत असणार. मला हे पटत नाही. पोरं दमवतात, यात शंका नाही. पण दमलेलं माणूस पडल्या पडल्या झोपतं. अक्का झोपत नाही. तिला तीन वाजता जागं करणारी गोष्ट पोरांमध्ये नाही. पोरं आणि अक्का यांच्यामध्ये जे येऊन बसलंय, त्यात ती आहे.

कामाचा ताण आणि शरीर यांचं नातं शोधणाऱ्यांनी हे बरंच आधी सांगितलंय. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं, की नुसतं जास्त काम माणसाला मोडत नाही. मागणी जास्त आणि हातात अधिकार कमी, ही जोडी मोडते. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं जो अभ्यास केला, त्यातही हृदयविकार मोठ्या खुर्चीच्या मागे लागलेला दिसला नाही, उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर जास्त दिसला. 'साहेबाला फार टेन्शन असतं हो' ही आपली आवडती समजूत त्यामुळे लंगडी पडते. पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट या जर्मनीत काम करणाऱ्या संशोधकाने आणखी एक गोष्ट जोडली: माणूस जेवढं ओततो आणि त्याला जेवढं परत मिळतं, त्यात फार अंतर पडलं तर हृदय त्याची किंमत मोजतं. 'परत मिळणं' म्हणजे केवळ पैसे नव्हेत. मान, खात्री आणि उद्याची शाश्वतीही त्यात येते.

आता हे तिन्ही हिशेब अंगणवाडीला लावून पाहा. मागणी भरपूर. अधिकार असा, की खिचडीऐवजी उसळ करायची तरी विचारावं लागतं. आणि परत मिळणारं? ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या खात्यात सेविकेचं मानधन महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाचं २,२५०. त्यावर राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून हे आकडे १०,००० आणि ५,५०० झाले, २०२४ मध्ये आणखी वाढले. वाढले हे चांगलंच झालं. पण प्रत्येक वाढीआधी मोर्चा, धरणं, संप. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप तर पन्नासहून अधिक दिवस चालला. दर वेळी भांडून मिळणाऱ्या गोष्टीत शाश्वती कुठून येणार?

माझं म्हणणं असं आहे, की या आजाराचं मूळ 'सेविका' आणि 'मानधन' या दोन शब्दांत आहे. शब्द गोड आहेत, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. सेविका सेवा करते, काम करत नाही. मानधन मानाने देतात, ते मागायचं नसतं. या दोन शब्दांनी एका बाईचा अख्खा दिवस श्रमाच्या हिशेबातून उचलला आणि मायेच्या खात्यात टाकला. मायेला ना आठ तास, ना रजा, ना निवृत्तिवेतन.

या शब्दांमागे एक खरा, तेजस्वी इतिहास आहे, तो बाजूला सारून बोलणं अन्यायाचं होईल. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन त्यांच्या पाड्यांवर, अंगणांत गेल्या. मुलं गुरं राखायला कुरणात जायची, तर पुढे कुरणातही शाळा पोचली. अंगणवाडी या शब्दाची नाळ तिथे आहे. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते सोडलं नाही. त्यांनी खरोखर सेवा केली. पण ती त्यांनी निवडली होती. काय शिकवायचं, कुठे बसायचं, कोणतं गाणं म्हणायचं, साधनं शिंपल्यांची करायची की बियांची, हे त्या दोघी ठरवत. कारासेकच्या भाषेत मागणी अफाट आणि अधिकारही अफाट. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा कोसबादचं अंगण उचललं आणि त्यागही उचलला. तिथला अधिकार मात्र टेकडीवरच राहिला. आज देशात सुमारे चौदा लाख आणि महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. इतक्या जणींकडून रोज ताराबाईंएवढ्या त्यागाची अपेक्षा धरणं याला मी फुकटेपणा म्हणेन.

आणि हा फुकटेपणा सोयीप्रमाणे रंग बदलतो. वेतन मागितलं, तर या मानसेवी, अर्ध्या दिवसाच्या. पण मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना 'मेस्मा' लावला. तो कायदा अत्यावश्यक सेवांसाठी, म्हणजे ज्यांनी संप केला तर राज्य अडेल अशांसाठी आहे. विधानसभेत गदारोळ झाला आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली, ते वेगळं. एकाच बाईला पगाराच्या वेळी ऐच्छिक आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक ठरवण्याची ही करामत साध्या माणसाला जमणार नाही, त्यासाठी मंत्रालयच लागतं.

न्यायालयाला हे उशिरा का होईना दिसलं. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला, की सेविका आणि मदतनीस १९७२ च्या उपदान कायद्यानुसार ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांना मिळतं ते कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे आणि त्यांचं काम अर्धवेळ म्हणता येत नाही, हेही त्यात आलं. त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१३ मध्ये, भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने योजना-कामगारांना, म्हणजे अंगणवाडीसारख्या सरकारी योजनांत राबणाऱ्यांना, कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावं, असं सुचवलं होतं. सुचवणं आणि देणं यांत आपल्याकडे किती अंतर असतं हे वाचकांना सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. माणूस आतून जळून राख होण्याची ती अवस्था: गळून जाणं, कामाबद्दल तिटकारा येणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. संघटनेने बजावलं, की हा शब्द फक्त नोकरीच्या ठिकाणच्या ताणासाठी वापरायचा, घरच्या किंवा इतर ताणासाठी नाही. म्हणजे जिची नोकरी नोकरीच नाही, तिला नियमाप्रमाणे बर्नआउट होऊच शकत नाही! तिला फक्त 'टेन्शन' येतं. आणि टेन्शन ज्याचं त्याने घ्यायचं किंवा सोडायचं असतं.

आता तो फोन. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन जुनाट, तापणारे, आणि ॲप इंग्रजीत. बायकांना तंत्रज्ञान जमत नाही म्हणून त्या ओरडतात, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. ज्या बाईने वर्षानुवर्षं अकरा-अकरा रजिस्टरं भरली, तिला एक ॲप जमणार नाही? गाऱ्हाणं न जमण्याचं नव्हतंच. रजिस्टर बाईच्या हातात होतं. ती रात्री जेवणं उरकून भरायची, चुकलं तर खोडायची, पोरं झोपली की मधेच दोन ओळी लिहायची. ॲप तिला थांबू देत नाही आणि स्वतः मात्र कधीही थांबतं. जुलै २०२५ पासून आहार द्यायचा तर लाभार्थीचा चेहरा जुळलाच पाहिजे. चेहरा जुळला नाही आणि आहार नाकारला, तर गावात शिव्या खायच्या. दिला, तर वर उत्तर द्यायचं. खोक्यांची चोरी थांबावी हा हेतू खोटा नाही, मी तो मानते. पण चोराला पकडायचा सापळा चौकीदाराच्याच पायात अडकवल्यासारखी ही रचना झाली आहे.

याखेरीज वरची कामं. करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत घरोघर जाऊन तापमान घेणाऱ्यांत याही होत्या. अनेक ठिकाणी मतदारयादीचं काम याच करतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला याच, अर्जामागे पन्नास रुपयांच्या बोलीवर.

शरीराचं काय होतं, ते दिवसभर कुठल्याही अंगणवाडीत बसलं तर दिसतं. पंधरा किलोचं मूल दिवसातून दहा वेळा उचलायचं, तेही कमरेतून वाकून. जमिनीवर बसायचं, उठायचं. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरतात. वीस पोरांच्या वर आवाज काढायचा म्हणून घसा कायम बसलेला. सर्दी, जुलाब, खरूज, जे पोरांना होतं ते बाईला होतं. लहानग्यांची लाळ आणि लघवी रोज हाताळणाऱ्या बाईला सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूची लागण होण्याचा धोका जास्त असतो, आणि ती गरोदर असेल तर पोटातल्या बाळालाही तो बाधू शकतो. अंगणवाडीत संडास नसेल, किंवा असून पाणी नसेल, तर बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. मग उन्हाळ्यात लघवीची जळजळ, आणि ती सांगायची कुणाला? मदतनिसाचं तर नावही कुठे येत नाही. चूल, पाणी, झाडलोट, पोरं घरून आणणं आणि घरी पोचवणं हे सगळं तिचं, आणि पैसे जवळपास निम्मे. अक्काकडे निदान लोक 'बाई' म्हणून बघतात. मावशींना पोरं सोडून कुणी हाक मारत नाही.

पण मला सर्वांत जड वाटतं ते वजनकाट्याचं ओझं. महिन्याला एकदा पोरांची वजनं घ्यायची. एखादं मूल तीव्र कुपोषित निघालं, की तो आकडा तालुक्याला, जिल्ह्याला दिसतो. आकडा वाढला की बैठकीत उभं करतात. अक्काला एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याच केंद्रात कसं काय?" ते मूल तिच्या शेजारच्या वस्तीवरचं, आईबाप सहा महिने फडावर, आजी आंधळी. बालकामागे दिवसाला मोजक्या रुपयांच्या आहारात ही गोष्ट सुटणार नाही, हे उभं करणाऱ्यालाही ठाऊक होतं. खरं वजन लिहावं तर अपमान, आणि खोटं लिहावं तर ते पोर कागदावर सुदृढ होऊन मदतीच्या यादीतून गळणार. अक्काने खरं लिहिलं. ते सांगतानासुद्धा तिचा हात मानेवर गेला होता.

आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं, की चेहरा हसरा ठेवणं हीही मजुरी आहे. अंगणवाडीत ती मजुरी दुहेरी आहे. पोरांशी हसावं लागतं आणि ते हसू खरं असावं लागतं, कारण तीन वर्षांच्या मुलाला खोटं हसू लगेच कळतं. कट्ट्यावरून ओरडून उतरलेल्या बाईने दुसऱ्या क्षणी बडबडगीत म्हणायचं, ही कसरत पगारपत्रकात कुठे लिहिणार?

यावर मला दोन-तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, गावातच काम, चार-पाच तासांचं, घर सांभाळून होतं, इतकं काय त्यात? न्यायालयाने त्याचं उत्तर दिलंय, वेगळं द्यायची गरज नाही. दोन, राज्याकडे पैसा कुठून येणार? हा प्रश्न खरा आहे, पण तो रस्त्यांच्या आणि स्मारकांच्या वेळी इतक्या तत्परतेने विचारला जात नाही. तिसरं अधिक अवघड आहे आणि ते चांगली माणसं विचारतात: पगार, तास, हक्क अशी भाषा आली तर पोरांबद्दलची माया जाणार नाही का? मला वाटतं उलट होईल. त्या सकाळी किडा पाहायचा राहिला, तो माया कमी पडल्यामुळे नव्हे. आणि ज्या परिचारिका, शिक्षिका पगारावर काम करतात, त्यांची माया पगाराच्या दिवशी आटते असं मी कुठे पाहिलं नाही.

शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट वेगळी वाटते, पण फार वेगळी नाही. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ठरवलं. ती सोय आईसाठी. तिथे मुलं सांभाळणाऱ्या मावशीचे तास, तिची रजा, तिची पाठ यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. तिच्या डोक्यावर कॅमेरा असतो. आई ऑफिसातून मोबाइलवर पाहते आणि संध्याकाळी विचारते, "सव्वातीनला रडत होता, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मध्यंतरी सेविकांसाठी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर एक शिबिर झालं. दीर्घ श्वास, सकारात्मक विचार, पाच मिनिटं डोळे मिटणं. डोळे मिटल्यावर निम्म्या जणी झोपल्या, असं अक्का सांगते. श्वासाशी माझं भांडण नाही. पण पाणी नळातून गळत असताना फरशी पुसायला शिकवणारं हे प्रशिक्षण आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सेविका-मदतनिसांना आयुष्मान भारतचं कवच जाहीर झालं, ते उपयोगी आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अक्काची मान अजून दाखल होण्याइतकी दुखत नाही. तिला हवं आहे ते फार साधं: रेंज नसेल तर कागदावर नोंद चालावी आणि आहार थांबू नये. बाहेरची कामं सांगू नयेत. वजन खरं लिहिलं म्हणून कुणी उभं करू नये. आजारी पडली तर बदली बाई मिळावी. आणि निवृत्त होताना हात पसरावा लागू नये. यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही.

निघायच्या दिवशी मी तिला सहज विचारलं, मान इतक्या वर्षांत कधी दुखायची थांबली होती का? ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, संपात. पन्नास दिवस अंगणवाडीला कुलूप, मानधन बंद, घरात कुरबुर, पोरांची आठवण. जानेवारीत त्या सगळ्या जणी मुंबईला गेल्या, आझाद मैदानात. खाली सतरंजी, वर आभाळ, रात्रभर गाड्यांचा आवाज.

"झोप लागायची गं तिथं," अक्का म्हणाली. "गाढ."